मला थायरॉईड नव्हतं

हे लिहायला मी दोनदा बसले आणि दोनदा उठले. पहिल्यांदा वाटलं, कोण वाचणार? दुसऱ्यांदा वाटलं, सगळेच वाचतील. आता तिसऱ्यांदा बसले आहे आणि या वेळी उठायचं नाही असं ठरवलंय. माझ्यासारखं कुणी असेल, किंवा माझ्यासारखं कुणी ज्यांच्या घरात असेल, त्यांच्यासाठी हे आहे. थोडंफार माझ्या मोठ्या जावेसाठीही आहे, पण तिच्यापर्यंत आता ते पोचणार नाही.

मेथी की पालक

मी मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. एकोणीस वर्षं झाली. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं तयार करणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि ब्युरेट फोडणाऱ्या पोरांवर ओरडणं, हे माझं काम. ओरडण्यात मी पटाईत आहे. पोरं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि ते मला आवडतंही.

त्या वर्षी बारावीच्या प्रॅक्टिकल्स तोंडावर आल्या आणि माझं ओरडणं बंद झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट सगळे म्हणाले, मॅडम हल्ली शांत झाल्यात, बरं आहे. मी नळ सोडून परीक्षानळी हातात धरून उभी राहायचे आणि पुढे काय करायचं ते आठवायचं नाही. झोप पहाटे मोडायची. छातीवर काहीतरी ओलं, जड ठेवल्यासारखं वाटायचं. आमच्या नाहूरच्या डॉक्टरांनी अॅसिडिटीचं औषध दिलं, मग झोपेचं, मग व्हिटॅमिनचं. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवाच."

मोठ्या हॉस्पिटलात, म्हणजे उपनगरातल्याच एका सरकारी हॉस्पिटलात, केसपेपरवर खोली क्रमांक लिहून दिला. खोलीच्या दारावर 'मनोविकार विभाग' लिहिलं होतं. माझा नवरा सुधीर म्हणाला, "चुकून दुसऱ्या खोलीचा नंबर दिला वाटतं." तो परत खिडकीवर विचारायला गेला. नंबर बरोबर होता.

आतली डॉक्टर माझ्या लॅबमधल्या पोरींपेक्षा फार मोठी नसेल. तिने मोठमोठे प्रश्न विचारले नाहीत. ती म्हणाली, "भाजी काय आणायची, हे ठरवायला तुम्हाला सध्या किती वेळ लागतो?"

आदल्याच आठवड्यात मी नाहूर स्टेशनबाहेरच्या भाजीवालीसमोर उभी राहिले होते. मेथी घ्यायची की पालक, एवढंच ठरवायचं होतं. मागून लोक येऊन भाजी घेऊन गेले. भाजीवालीने दोनदा विचारलं, मग तिने विचारणं सोडलं. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या पोरीला सांगितलं, आणि सांगता सांगता मला इतकं रडू आलं की सुधीर उठून दाराकडे तोंड करून उभा राहिला.

डिप्रेशन, असं तिने सांगितलं. हे औषधाने बरं होतं, वेळ लागतो, असंही सांगितलं. मला खरं तर हायसं वाटलं. माझ्या आळसाला आणि नालायकपणाला काहीतरी वेगळं नाव आहे, हे ऐकून मी खुर्चीत जरा सैल बसले. सुधीर मात्र बाहेर आल्यावर एकच वाक्य बोलला, "आईला काय सांगायचं?"

लिफ्टमध्ये

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, आमच्याबरोबर राहतात. माझे सासरे लालबागच्या गिरणीत होते. गिरणी गेली, चाळ गेली आणि आम्ही नाहूरला आलो. आईंचं मन कणकवलीच्या पुढच्या आमच्या गावातच असतं. तिथे मोठे भावजी आणि त्यांची बायको शैलावहिनी घर आणि बागायत सांभाळतात.

आईंना सुधीरने घरात बसवून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आत जाऊन माझ्यासाठी पेज घेऊन आल्या, लोणच्याची फोड बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बाहेर कोणाक सांगूचा नाय. सई लग्नाची होतली उद्या." सई माझी मुलगी. तेव्हा ती नववीत होती.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं ज्योती, किती उतरलीस. काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "थायरॉईड निघालं हो."

त्यांच्या भजनी मंडळातल्या एकीला थायरॉईड होतं. तिचा थकवा, तिची चिडचिड, सगळं आईंना पाठ होतं. इतकं चपखल बसलं ते की मीसुद्धा मनातल्या मनात त्यांना दाद दिली.

आणि काय सांगू, माझ्या थायरॉईडला जे प्रेम मिळालं. काकूंनी धने भिजवलेलं पाणी आणून दिलं. सोसायटीच्या ग्रुपवर कोबी खावा की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी स्वतःचे जुने रिपोर्ट आणून मला दाखवले, धीर यावा म्हणून. मी सगळ्यांना हसून थँक्यू म्हणत होते आणि रोज संध्याकाळी विचार करत होते की मी नसते तर या घराचा भार हलका झाला असता. धन्याचं पाणी मी झाडाला घालायचे.

हा विचार मी पुढच्या वेळी डॉक्टरला सांगितला. तिने पेन खाली ठेवलं आणि सुधीरला आत बोलावलं. त्याच दिवशी मला वॉर्डात भरती केलं.

वॉर्ड

अकरा दिवस होते. आत जाताना काचेच्या बांगड्या काढून घेतल्या, परकराची नाडी काढून इलॅस्टिक घातलं. मंगळसूत्र सुधीरच्या खिशात गेलं. तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी त्याला म्हटलं, "हरवू नकोस," आणि तो म्हणाला, "नाही गं." आमचं त्या दिवसातलं संभाषण एवढंच.

सकाळी सहाला चहा, आठला गोळ्या. गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची. दहाला डॉक्टर. दुपारी पंख्याखाली पडून राहायचं. आम्ही नऊ बायका होतो. कुणी ओरडत नव्हतं, कुणी केस पिंजारून धावत नव्हतं. एक शिक्षिका होती, एक कॉल सेंटरमधली मुलगी होती, एक वसईकडची आजी होती. बहुतेक वेळ आम्ही सगळ्या नुसत्या थकलेल्या असायचो.

सोबत एक बाईमाणूस लागायचं. आई राहिल्या. सत्तरी उलटलेली बाई, अकरा दिवस त्या लोखंडी बाकावर झोपली. माझी अंघोळ, माझं जेवण, सगळं त्यांनी केलं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्यावर कुणी रागवेल आणि ते मला चालणार नाही.

एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईने आमच्या आईंना विचारलं, "तुमच्या सुनेला काय झालं?"

"थायरॉईड," आई म्हणाल्या. "तुमच्या लेकीक?"

"बी.पी.," ती बाई म्हणाली.

मनोविकाराच्या वॉर्डात बसून दोघी एकमेकींना हे सांगत होत्या आणि दोघी माना डोलावत होत्या. मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं होतं. तिथली आया, आम्ही तिला मावशी म्हणायचो, माझ्याकडे बघून म्हणाली, "हसली रे बाबा." मग तिने कंगवा आणून माझी वेणी घातली. पाच दिवस मी केसाला हात लावला नव्हता. तिने सगळा गुंता सोडवला. ती वेणी मी दोन दिवस सोडली नाही.

सई रविवारी भेटायला आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "मम्मी, माझ्यामुळे झालं का तुला? माझ्या मार्कांमुळे?" ती किती दिवस हे मनात घेऊन फिरत होती कुणास ठाऊक. आम्ही तिच्यापासून नाव लपवलं होतं आणि तिने ते माझ्या गोळ्यांचं पाकीट बघून मोबाइलवर शोधून काढलं होतं. मी नाही म्हटलं, शंभरदा म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं का ते मला आजही माहीत नाही.

किल्ली

कॉलेजला मात्र थायरॉईड चाललं नाही. रजेच्या सर्टिफिकेटवर विभागाचा शिक्का होता. मी काही आठवड्यांनी कामावर गेले तर अॅसिडच्या कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये नव्हती. ती माझ्या सहकारी मैत्रिणीकडे होती. इतकी वर्षं ती किल्ली माझ्या पदराला नाहीतर ओढणीला असायची.

"अगं, टेन्शन नको घेऊस यार," ती म्हणाली. "तुझ्या काळजीपोटीच केलंय ना. थोडे दिवस."

मग ती म्हणाली, "पण तुला काय कमी आहे गं? सुधीर चांगला, पोरगी हुशार, स्वतःचं घर. एखादी ट्रिप मारून ये मस्त. पॉझिटिव्ह विचार कर."

तिचा हेतू वाईट नव्हता. किल्ली काढून घेणंही तेव्हा कदाचित बरोबरच होतं. पण मला विचारून घेतली असती तर मी स्वतः दिली असती. इथे शहरात डिप्रेशन हा शब्द सगळ्यांना येतो. मॅच हरली तरी लोक डिप्रेशनमध्ये जातात, पार्किंग मिळालं नाही तरी जातात. खरंच कुणाला झालं की मात्र सगळे आवाज खाली करतात. गावाला तो शब्दच नाही, तिथे कंटाळा आहे, बाहेरचं आहे, नखरे आहेत. मला दोन्हींचा राग यायचा. पण राग करायला मी मोकळी नव्हते, कारण मी स्वतःच थायरॉईडची बाई होऊन हिंडत होते.

रातांबे

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. आईंनी वॉर्डात असतानाच ठरवलं होतं की देवाला गाऱ्हाणं घालायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवळात नुसतं हात जोडून येत नाहीत. गुरव देवासमोर उभा राहतो, तुमचं जे काही दुखणं-खुपणं असेल ते मोठ्याने देवाला सांगतो आणि मागे उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला होकार देतात. म्हणजे दुखणं नाव घेऊन, चारचौघांत सांगावं लागतं. गुरवाने विचारलं, "काय म्हणान सांगू?"

मी खाली बघितलं. आई म्हणाल्या, "थायरॉईड."

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरू केलं, "ह्या मुंबयच्या लेकराक जा काय थायरॉईडाचा दुखणा जडला हा..."

"व्हय म्हाराजा."

"ता दूर करून तेचो सांभाळ कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शैलावहिनी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. मला आठवतं, मी तेव्हा मनात म्हटलं, देवालाही गंडवलं आपण.

दुपारी आम्ही दोघी मागच्या दारी रातांबे फोडायला बसलो. कोकमाची सोलं करायची असली की फळं फोडून बिया काढायच्या, हात लालभडक होतात. वहिनी या कामात वाऱ्यासारख्या. मी एक फोडेपर्यंत त्यांची चार व्हायची. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातातला रातांबा तसाच होता. मला वाटलं, माझ्याशी बोलायचंय म्हणून थांबल्यात.

"ज्योती," त्या म्हणाल्या, "ह्या थायरॉईडात रडाक येता काय गो?"

"म्हणजे?"

"कोण मेला नाय, काय नाय, तरी येता. सकाळी उठाक नको वाटता. चूल पेटवूक बसलंय तर काड्येपेटी हातात धरून तशीच बसान ऱ्हवतंय. तुका तसा होय?"

मला मेथी आणि पालक आठवलं. मला सगळं कळलं, त्या क्षणी, एका दमात. सांगायला किती वाक्यं लागली असती? दोन. पण मधल्या भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर, पडवीत आई बसल्या होत्या, आणि त्यांची जपमाळ थांबल्याचं मला जाणवलं. अकरा दिवस बाकावर झोपलेली बाई. तिला मी खोटं पाडणार होते.

"हो वहिनी," मी म्हटलं. "होतं तसं थायरॉईडमध्ये."

त्यांचा चेहरा इतका उजळला. "मगे माकाव ताच झाला आसतला," त्या म्हणाल्या आणि रातांबा फोडला.

मी म्हटलं, "तालुक्याला जाऊन रक्त तपासून घ्या." असा सल्लाही दिला मी. लॅबमधली बाई ना मी.

नॉर्मल

आषाढात त्यांचा फोन आला. मी तेव्हा बरी होत चालले होते. औषध लागू पडलं होतं, पोरांवर परत ओरडत होते, मैत्रिणीने किल्ली आपणहून आणून दिली होती. झकास चाललं होतं म्हणा ना.

"रिपोर्ट इलो," वहिनी म्हणाल्या. "नॉर्मल म्हणतत."

मागून भावजींचा हसण्याचा आवाज आला. "काय एक झालेला नाय. कामाचो कंटाळो."

 वहिनी आवाज खाली करून म्हणाल्या, "मगे माका काय झाला गो?"

घरात कुणी नव्हतं. आई खाली भजनाला गेल्या होत्या. या वेळी भिंत नव्हती, पडवी नव्हती, काहीच नव्हतं. तरी मी म्हटलं, "काही झालं नाही वहिनी. नॉर्मल आलं हे चांगलंच ना." का म्हटलं? मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, मी नुकती वर आले होते आणि मला परत त्या पाण्यात बघायचं नव्हतं. एकदा खरं सांगितलं की मे महिन्यातलं खोटंही सांगावं लागणार होतं. फोनवर नको, गणपतीला जाऊ तेव्हा निवांत सांगू, असं मी ठरवलं.

गणपतीला गेलो. घरात वीस माणसं. वहिनी मोदक वळत होत्या, पाकळ्या नेहमीसारख्या नाजूक पडत नव्हत्या. वहिनी वाळल्या होत्या. सगळ्यांत बसून सगळ्यांपेक्षा जास्त हसत होत्या. एकदाच आम्ही स्वयंपाकघरात एकट्या सापडलो.

"तू बरी झालंस मां?"

"हो."

"नशीबवान आसस," त्या म्हणाल्या, "तुझो आजार तपासण्येत गावलो."

मी म्हटलं, "वहिनी, मला तुमच्याशी बोलायचंय." तेवढ्यात आरतीला हाक आली. त्यांनी पदर नीट केला आणि त्या बाहेर गेल्या. रात्री मी बोलेन म्हटलं, सकाळी बोलेन म्हटलं. मग आमची गाडी होती.

पिशवी

मार्गशीर्ष संपता संपता एका सकाळी भावजींचा फोन आला. सुधीरने तो घेतला आणि मला हाक मारली.

शैलावहिनी गेल्या होत्या. झटका आला, असं गावात सगळे सांगत होते. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी मला सांगितलं नाही. मला जे वाटतं ते खरं असेल, किंवा नसेलही. पण ज्या घाईने सगळे 'झटका' म्हणत होते, ती घाई मला ओळखीची होती. लिफ्टमध्ये ऐकली होती ती मी.

बाराव्यानंतर भावजी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्याजवळ आले. दाढी वाढलेली. ते नेहमी मोठ्याने बोलतात, त्या दिवशी आवाज नव्हता.

"तू लॅबात काम करतंस ना?" ते म्हणाले. "हे तिच्या पेटयेत गावले. बघ जरा गो. माका इंग्रजी कळणा नाय."

मी कागद काढले. थायरॉईडचा रिपोर्ट होता, आषाढातला. त्याखाली आणखी एक होता, गणपतीनंतरचा. त्याखाली आणखी एक, जाण्याच्या पंधरा दिवस आधीचा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी केलेले. तिन्ही नॉर्मल.

"एक माका म्हायत हा," भावजी म्हणाले. "ह्ये दोन खयचे? नॉर्मल मगे परत परत कित्याक केल्यान?"

मला माहीत होतं कशासाठी. आपल्याला काहीतरी झालेलं असावं म्हणून ती एसटी पकडून तीनदा गेली होती, शेवटच्या दोनदा घरी बाजाराला जाते सांगून. एखाद्या कागदावर तरी तिचा आजार निघेल, मग कुणी कंटाळा म्हणणार नाही, मग ज्योतीसारखी गोळी मिळेल आणि ज्योतीसारखं बरं होता येईल. दरवेळी तिला नॉर्मल म्हणून परत पाठवलं होतं. रिपोर्ट बरोबरच होते. तपासणी चुकीची होती आणि ती मी सांगितली होती.

"भावजी," मी म्हटलं, "मला थायरॉईड नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. नाव सांगितलं, वॉर्ड सांगितला, रातांबे सांगितले, फोन सांगितला.  पडवीत आई बसल्या होत्या, पूर्वीच्याच जागी. या वेळी मी आवाज खाली केला नाही.

सगळं ऐकून झाल्यावर भावजी कितीतरी वेळ त्या कागदांवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी हसलंय तिच्यार. फोनार. तू आयकलंस." आणि नंतर, "मगे त्या दिवशी आमी देवाक व्हय म्हाराजा म्हटला, ता कसल्याक?"

मी कागद परत पिशवीत भरले. 

गाऱ्हाणं

लोक मला सांगतात की यात तुझा दोष नाही, तू स्वतः आजारी होतीस. डॉक्टरनेही सांगितलं. मी तिला सगळं सांगितल्यावर तिने माझी गोळी थोडी वाढवली, दर आठवड्याला बोलावलं आणि म्हणाली की दुःख वेगळं आणि आजार वेगळा, दुःखाला गोळी नाही. मी दोष मोजत बसत नाही, तेवढं मी तिच्याकडून शिकले आहे. पण वहिनीने मला स्पष्ट विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, एवढं मी विसरणार नाही.

म्हणून ज्यांना सांगायचं आहे त्यांना एवढंच सांगते. सगळ्या सोसायटीला सांगू नका हवं तर. काकूंचं धन्याचं पाणी घ्या आणि झाडाला घाला. पण कुणी शेजारी बसून हळूच विचारलं की तुला रडू येतं का गं, तर त्या माणसाला खरं नाव सांगा. तो प्रश्न तुमच्याविषयी नसतो. आणि ज्याला वाटतंय की आपण नसतो तर बरं झालं असतं, त्याने आजच्या आज कुणाला तरी ते तोंडाने सांगावं, जवळच्या दवाखान्यात जावं. मी सांगितलं म्हणून मी आहे.

या मे महिन्यात आम्ही परत गावी गेलो. घरात वर्ष झालं नाही म्हणून सणवार नव्हते, पण गाऱ्हाणं घालायला हरकत नाही असं गुरव म्हणाला.  बारावं झाल्यापासून आई फारशा बोलतच नव्हत्या. मी मनात वाक्य जुळवत होते, देवळात मी काय सांगणार ते. सईला सोबत उभं केलं होतं. भावजी मागे, खांबाला टेकून.

गुरवाने विचारलं, "काय म्हणान सांगू?"

मी तोंड उघडलं. आईंनी माझ्या दंडाला धरून मला मागे घेतलं आणि स्वतः पुढे झाल्या. मला वाटलं, परत.

"मी सांगतंय," त्या गुरवाला म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे न बघता सरळ देवाकडे बघून बोलल्या. "म्हाराजा, गेल्या वर्षी मी तुझ्यासमोर खोटा बोललंय. माझ्या दोनय सुनांक एकच दुखणा झाला. डिप्रेशन म्हणतत तेका. एकीचा मी लपवलंय. दुसरीचा माका दिसाकच नाय. एक ही उभी आसा. दुसरी गेली."

गुरव हात जोडून तसाच उभा राहिला. ते पुढे कसं म्हणायचं ते त्याला सुचेना. मागून लगेच येणारा होकार आला नाही. सईने माझा हात धरला.

मग खांबाकडून एकट्या भावजींचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि त्यांच्यामागून हळूहळू सगळ्यांचा.